दर सेकंदाला एक फेरा मागे

भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा मिनिटाला एक फेरा घालतो. चोवीस तासांत त्याचे फेरे होतात १४४०. आता कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जा आणि पट्ट्यामागच्या मोटारीच्या पाटीवरचं पीठ बोटानं पुसा. खाली बहुधा असं काही लिहिलेलं दिसेल : ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. सेकंदकाट्याला ज्या कामासाठी अख्खा दिवस आणि अख्खी रात्र लागते, ते ही मोटार एका मिनिटात उरकते. मिनिटकाट्याचे दिवसाचे चोवीस फेरे ती एका सेकंदात घालते. तासाभरात तिचे फेरे होतात ८६,४००, म्हणजे दिवसात जितके सेकंद तितके.

आकडा इतका सुबक जुळतो, की तो मुद्दाम ठरवला असावा असं वाटतं. तसं नाही. ही मोटार ज्याच्या मागे धावते, त्याचा वेग मिनिटाला बरोबर १५०० फेरे आहे. १४४० हा तिच्या पाठलागाचा हिशोब आहे. पाठलाग कधीच पुरा होत नाही. तो पुरा झाला, तर त्याच क्षणी मोटारीतला जोर शून्यावर येईल आणि जातं थांबू लागेल.

ती कशाच्या मागे धावते ते आधी पाहू. मोटारीच्या बाहेरच्या भागात लोखंडी पत्र्यांच्या थप्पीत तांब्याच्या तारा भरलेल्या असतात. हा स्टेटर, आणि तो जागचा हलत नाही. त्यातल्या तीन वाइंडिंगना तीन फेज मिळतात. एका फेजची भरती आली, की सेकंदाच्या दीडशेव्या भागानं दुसरीची येते, तेवढ्याच वेळानं तिसरीची. त्यामुळे चुंबकत्वाचा जोर एका वाइंडिंगकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा सरकत राहतो. तांबं स्थिर, लोखंड स्थिर, आणि त्यांच्यामधलं चुंबकीय क्षेत्र मात्र गोल फिरतंय. चार पोलच्या मोटारीत विजेच्या एका आवर्तनात हे क्षेत्र अर्धा फेरा जातं. सेकंदाला आवर्तनं ५०, म्हणून फेरे २५. त्याला घर्षण नाही, वजन नाही, झीज नाही. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एकजीव झालं. तेव्हापासून कन्याकुमारीच्या मोटारीतलं क्षेत्र आणि काश्मीरच्या मोटारीतलं क्षेत्र एकाच तालावर फिरतं.

या क्षेत्राच्या आत रोटर. लोखंडी पत्र्यांचा एक दंडगोल ठोकळा, त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या सळया, दोन्ही टोकांना त्या सळयांना जोडणाऱ्या कड्या. लोखंड वजा केलं तर उरतो एक पिंजरा. जुन्या काळी खारीला पळण्यासाठी जसा फिरता पिंजरा ठेवत तसाच, म्हणून याला स्क्विरल केज म्हणतात. या पिंजऱ्याला बाहेरून एकही तार जात नाही. ब्रश नाही, कार्बन नाही. स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये जेमतेम ०.४ मिलिमीटरची हवा असते, वहीची चार पानं एकावर एक ठेवली तर होते तेवढी जाडी. पाच एचपीची सगळी ताकद, जवळजवळ ३,९०० वॅट, या चार पानांच्या फटीतून पलीकडे जाते आणि पलीकडच्या सळयांत शेकडो अँपिअरचा प्रवाह उभा राहतो.

हा प्रवाह कशामुळे उभा राहतो? सळईवरून चुंबकीय क्षेत्र सरकत जातं म्हणून. मोटारीतली सगळी गंमत ‘सरकत जातं’ या दोन शब्दांत आहे. रोटर क्षेत्राइतक्याच वेगानं फिरू लागला, तर सळईच्या दृष्टीनं क्षेत्र जागच्या जागी उभं. काही सरकत नाही, मग सळईत दाब नाही, दाब नाही म्हणून प्रवाह नाही, आणि प्रवाह नाही म्हणून जोर नाही. म्हणून रोटर थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. आपल्या गिरणीच्या मोटारीत क्षेत्राचे सेकंदाला २५ फेरे, रोटरचे २४. दर सेकंदाला एक फेरा मागे, म्हणजे चार टक्के स्लिप.

सेकंदाला एक फेरा ऐकायला किरकोळ वाटतो. रात्रंदिवस चालणारी मोटार घेतली, तर वर्षभरात तिचा रोटर सुमारे ७५ कोटी ७० लाख फेरे घालतो आणि ३ कोटी १५ लाख फेऱ्यांनी मागे पडतो. रोटरचा व्यास दहा सेंटिमीटर धरा. त्याच्या कडेवरचा एक बिंदू वर्षात जवळपास २ लाख ३८ हजार किलोमीटर कापतो. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. म्हणजे वीस महिन्यांच्या आत तो चंद्राइतकं अंतर कापून बसेल, मोटार मात्र चार बोल्टांवर आहे तिथेच.

रोटरच्या एखाद्या सळईवर बसून पाहिलं तर काय दिसेल? बाहेरून ज्या वेगाकडे बघवत नाही तो आत जाणवतच नाही. सळईला दिसतं ते फक्त क्षेत्र, आणि ते तिच्यावरून संथपणे, सेकंदाला एक फेरा अशा चालीनं पुढे निघून जातं. स्टेटरमध्ये ५० हर्ट्झची वीज असताना रोटरमधली वीज अवघी २ हर्ट्झची असते. एकाच यंत्रात, चार पानांच्या अंतरावर, दोन वेगळे काळ चालू आहेत. वेगाची खूण सळईला वेगळ्याच रूपात मिळते. मध्यापासून पाच सेंटिमीटरवर, १४४० फेऱ्यांना, तिला बाहेर फेकणारा जोर तिच्या वजनाच्या ११६ पट असतो. वीस ग्रॅमची सळई सव्वादोन किलोंची होऊन खाचेवर ओढ घेते. तेवढाच रोटर विहिरीवरच्या २८८० फेऱ्यांच्या पंपात असता, तर तीच सळई नऊ किलोंची झाली असती.

स्लिप डोळ्यांनी पाहता येते, यावर मी विद्यार्थी असताना विश्वास ठेवला नव्हता. आमच्या सरांनी बंद मोटारीच्या पुलीवर खडूनं चार रेघा मारल्या, एकमेकींशी काटकोनात. मग खोलीत अंधार करून जुन्या चोकची ट्यूबलाइट लावली आणि मोटार सुरू केली. अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते. क्षेत्राच्या वेगानं फिरणारी पुली दोन उजेडांच्या मध्ये बरोबर पाव फेरा जाईल, म्हणजे एक रेघ दुसरीच्या जागी येईल आणि चारही रेघा थिजल्यासारख्या दिसतील. तशा त्या थिजल्या नाहीत. बारा सेकंदांत एक फेरा अशा गतीनं त्या उलट दिशेला तरंगत होत्या. मोटारीवर ओझं नव्हतं, वेग होता १४९५. मिनिटाला १५०० फेऱ्यांतले जे पाच कमी पडत होते, नेमके तेच पाच आम्हाला उलटे जाताना दिसत होते. सरांनी हळूहळू ओझं वाढवलं आणि रेघांची उलटी चाल वाढत गेली. पूर्ण ओझ्याला सेकंदाला एक फेरा. स्ट्रोबोस्कोप नाही, टॅकोमीटर नाही. चार खडूच्या रेघा आणि एक ट्यूबलाइट. इतकं स्वस्त आणि इतकं अचूक मोजमाप मी नंतर क्वचितच पाहिलं.

गिरणीतही हेच चालतं, फक्त आपल्याला रेघा दिसत नाहीत. जात्यात दाणे नसतात तेव्हा रोटर १४९५ च्या आसपास. चाडीतून ज्वारी पडू लागली, की दगड जड होतो आणि रोटर थोडा रेंगाळतो. रेंगाळला म्हणून क्षेत्र सळयांवरून जास्त वेगानं सरकतं, प्रवाह वाढतो, जोर वाढतो. ज्वारीला हवा तेवढा जोर मिळाला, की घसरण तिथेच थांबते. पाच फेऱ्यांची स्लिप साठ झाली, बारा पट, पण वेग पावणेचार टक्क्यांच्या आतच उतरला. गिरणीवाल्याच्या कानाला फरक कळत नाही. कोणी सेन्सर बसवलेला नाही, कोणी हुकूम दिलेला नाही. किती मागे पडायचं ते मोटार ओझ्याकडून शिकते.

मोटार सुरू होते त्या पहिल्या क्षणी स्लिप शंभर टक्के असते. रोटर उभा आणि क्षेत्र पूर्ण वेगानं पळतंय. पाटीवर साडेसात अँपिअर लिहिलेली मोटार तेव्हा चाळीस-पंचेचाळीस अँपिअर ओढते. घरातले दिवे क्षणभर मंदावतात ते यामुळेच. त्या क्षणी रोटरमधली वीज ५० हर्ट्झची असते, आणि जास्त आवर्तनाची वीज सळईच्या वरच्या थरातून वाहते. वेग वाढत जातो तसं हे आवर्तन उतरत २ हर्ट्झवर येतं आणि प्रवाह सळईभर पसरतो. म्हणजे मोठ्या मोटारींत तीच सळई सुरुवातीला बारीक तारेसारखी वागून जोर देते आणि नंतर जाड तारेसारखी वागून वीज वाचवते. ही युक्ती ज्यांनी ओळखली त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

स्लिपची किंमत मोजावी लागते, आणि तिचा नियम साधा आहे : फटीतून जितकी ताकद पलीकडे जाईल, तिचा स्लिपइतका हिस्सा रोटरमध्ये उष्णता होऊन जातो. चार टक्के स्लिप म्हणजे शंभरातले चार गेलेच. याच नियमानं एका मोठ्या माणसाला चकवलं. इटलीतल्या तुरीनमध्ये गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये फिरत्या क्षेत्राची मोटार चालवून दाखवली होती. १८ मार्च १८८८ रोजी त्यांनी तिथल्या विज्ञान अकादमीपुढे निबंध मांडला. अमेरिकेत निकोला टेस्ला यांची पेटंटं आली ती त्याच वर्षी १ मे रोजी. फेरारिस यांनी हिशोब केला तो सर्वांत जास्त ताकद कधी मिळते याचा, आणि उत्तर आलं : स्लिप पन्नास टक्के असताना. मग अर्धी वीज उष्णतेत जाणार, म्हणजे कारखान्यात हिचा उपयोग नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हिशोबात चूक नव्हती. मोटार त्या बिंदूवर चालवायची कशाला, हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही.

तो पडला बर्लिनच्या एईजी कंपनीतले रशियन अभियंते मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांना. फेरारिस यांचा निबंध वाचून त्यांनी उलटा विचार केला : रोटरचा रोध जितका कमी, तितकं थोडंसं मागे राहूनही पुरेसा प्रवाह मिळेल. म्हणून जाड सळयांचा, टोकांना कड्यांनी जोडलेला पिंजरा. १८८९ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. १८९१ मध्ये लाउफेन गावच्या नेकार नदीवर तयार झालेली वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आली आणि तिच्यावर शंभर अश्वशक्तीची मोटार चालवून तिथे एक कृत्रिम धबधबा खेळवला गेला. पन्नास टक्के स्लिप आणि चार टक्के स्लिप यांच्यामधल्या अंतरात पुढचं सगळं औद्योगिक शतक मावलं आहे.

आपल्याकडे हे चार टक्के सर्वांत जास्त साचतात ते विहिरीत आणि बोअरमध्ये. महाराष्ट्रात शेतीपंपाच्या जोडण्या ४० लाखांहून अधिक आहेत. मोनोब्लॉक आणि सबमर्सिबल पंप बहुतेक दोन पोलचे, म्हणजे क्षेत्राचे मिनिटाला ३००० फेरे आणि रोटरचे २८८० च्या आसपास. सेकंदाला दोन फेरे मागे. आठ तासांच्या एका पाळीत एक पंप ५७,६०० फेऱ्यांनी मागे पडतो. ४० लाख पंप मिळून २३ हजार कोटी फेऱ्यांनी.

फेरे मोजून पोट भरत नाही, वॅट मोजू. पाच एचपीच्या पंपात चार टक्के स्लिप म्हणजे रोटरमध्ये १५५ वॅट उष्णता, छताच्या दोन पंख्यांना लागते तितकी वीज. सगळे ४० लाख पंप पाच एचपीचे धरले आणि एकाच वेळी सुरू झाले असं मानलं, तर फक्त स्लिपमध्ये ६२० मेगावॅट जातील. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांचं पोफळीचं भूमिगत वीजगृह ६०० मेगावॅटचं आहे. सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या एका अख्ख्या वीजगृहाला जमेल तेवढी वीज, आणि ती रोटरांना ‘थोडं मागे राहू द्या’ म्हणून द्यायची. हे नुकसान आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या ६२० मेगावॅटच्या बदल्यात सुमारे पंधरा हजार मेगावॅट पाणी उपसायला मिळतात. पण ते चाराचे पाच किंवा सहा होतात तेव्हा मात्र ते नुकसानच, आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून जातं.

डीपीपासून लांब, लाइनच्या शेपटाला असलेल्या विहिरीवर ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट मिळणं नवलाचं नाही. व्होल्टेज वीस टक्क्यांनी उतरलं, की मोटारीचा जोर वीस टक्क्यांनी उतरत नाही. तो वर्गाच्या हिशोबानं उतरतो, ८० चा वर्ग ६४, म्हणजे शंभराचे चौसष्ट. तोच पाण्याचा भार ओढायला रोटरला आता जास्त मागे राहावं लागतं. स्लिप सहा टक्क्यांच्या आसपास जाते, वेग २८८० वरून २८२० वर. पाइपातून येणारं पाणी जवळपास तेवढंच दिसतं, आवाज तोच, पण रोटरमधली उष्णता १५५ वरून २२० वॅटवर गेलेली असते आणि स्टेटरच्या तारांतली उष्णता ४० टक्क्यांच्या आसपास वाढलेली असते. तारांवरच्या इन्सुलेशनचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. वेगातला दोन टक्क्यांचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही आणि दोन हंगामांत मोटार भरायला न्यावी लागते. ‘मिस्त्री, परत जळाली’ असं म्हणत टेम्पोतून उतरवलेल्या मोटारी मी रिवाइंडिंगच्या दुकानांत ओळीनं पडलेल्या पाहिल्या आहेत. आतल्या काळ्या पडलेल्या तारांचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

एक फेज गेली तर चित्र याहून विचित्र होतं. उरलेल्या दोन तारांतून फिरतं क्षेत्र तयार होत नाही. तयार होतं एक धडधडणारं क्षेत्र, आणि गणितात ते दोन क्षेत्रांच्या बरोबरीचं असतं : एक सुलट फिरणारं, एक उलट फिरणारं. उभ्या मोटारीला दोघं सारख्याच जोरानं विरुद्ध बाजूंना ओढतात, म्हणून ती नुसती घूंऽऽ करत राहते. फिरत असलेली मोटार सुलट क्षेत्रामागे कशीबशी धावत राहते, पण उलट क्षेत्र तिच्या सळयांवरून ५८८० च्या वेगानं येत असतं. त्याच्या हिशोबानं स्लिप १९६ टक्के. ज्या रोटरमध्ये २ हर्ट्झची वीज सुखानं वाहत होती, तिथे आता ९८ हर्ट्झची वीजही घुसते. दोन तारांवर पूर्ण भार ओढायचा, तर त्यांतला प्रवाह पावणेदोन पट होतो. रात्री अशी मोटार चालू राहिली तर सकाळपर्यंत ती टिकत नाही.

जगाचा हिशोब मांडताना छाती दडपते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार जगातली ४३ ते ४६ टक्के वीज मोटारी आणि त्यांनी चालवलेली यंत्रं खातात. आजची जगाची वीजनिर्मिती वर्षाला ३० हजार अब्ज युनिटांच्या घरात आहे. त्यातली १० हजार अब्ज युनिटं इंडक्शन मोटारींतून जातात आणि स्लिप सरासरी दोन टक्के, असा माझा अंदाज धरला, तर फक्त मागे राहण्यात वर्षाला २०० अब्ज युनिटं जातात. महाराष्ट्राची एका वर्षाची विजेची एकूण गरज साधारण तेवढीच आहे.

आतापर्यंत रोटर मागेच होता. तो पुढे गेला तर?

हे पाहायला कर्जत–लोणावळा घाटात जावं. डब्ल्यूएपी-७ इंजिनात सहा इंडक्शन मोटारी असतात, प्रत्येकी ८५० किलोवॅटची, म्हणजे गिरणीच्या मोटारीसारख्या सव्वादोनशेहून अधिक. इतक्या मोठ्या मोटारीची स्लिप एक टक्क्याच्या आसपास असते. ३७ मीटरला एक मीटर अशा चढावर गाडी वर येते तेव्हा सहाही रोटर क्षेत्राच्या शंभर फेऱ्यांमागे एका फेऱ्यानं मागे असतात. लोणावळ्याहून खाली निघताना गाडीचं वजनच तिला ढकलू लागतं. चालक ब्रेकची दांडी ओढतो, तेव्हा इंजिनातला कन्व्हर्टर क्षेत्राचा वेग रोटरच्या वेगापेक्षा किंचित खाली आणतो. रोटर आता शंभराला एक फेरा पुढे. पुलीवर खडूच्या रेघा असत्या आणि ट्यूबचा उजेड क्षेत्राच्या तालावर लुकलुकला असता, तर मागे तरंगणाऱ्या रेघा क्षणभर थिजून पुढे निघालेल्या दिसल्या असत्या. सळयांवरून क्षेत्र आता उलट बाजूनं सरकतं, प्रवाहाची दिशा उलटते, आणि मोटार वीज घेण्याऐवजी देऊ लागते. मोटार तीच, तारा त्याच, फटही तेवढीच. फरक फक्त शंभरात एक मागे की शंभरात एक पुढे.

बाराशे टनांची गाडी लोणावळ्याहून कर्जतला उतरते तेव्हा सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. त्या उंचीत साठवलेली ऊर्जा होते सुमारे १८०० युनिटं. पूर्वी यातली बहुतेक ब्रेकच्या ठोकळ्यांत तापून हवेत जात असे. आता तिचा मोठा हिस्सा सहा रोटर पुढे पळून त्या फटीतून उलटा स्टेटरमध्ये ढकलतात. तिथून कन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, पँटोग्राफ, आणि वरची २५ हजार व्होल्टची तार. त्याच वेळी खालून पळसदरीचा चढ चढणारी एखादी गाडी असेल, तर ती हीच वीज घेऊन, शंभराला एक फेरा मागे राहत, घाट चढत असते.